निरोपाचे क्रियापद

लेखिकेने ‘जाते’ खोडून ‘येते’ लिहिले, आणि मग तेही खोडले. ती ज्या जुन्या कादंबरीवरून दूरचित्रवाणी मालिका लिहीत होती, ती समोर उघडी होती. तिच्या शेवटच्या पानावर नायिका उंबरठ्यावर थांबते, नवऱ्याला ‘जाते मी’ एवढेच म्हणते आणि कायमची निघून जाते. तो गप्प राहतो. घराबाहेर पडणारे माणूस ‘येते’च म्हणते, म्हणूनच त्या एका क्रियापदाने कित्येक पिढ्यांचे वाचक हादरले होते.

वाहिनीला मात्र ‘येते’च हवे होते. मालिका चांगली चालली होती, नायिका परतणे भाग होते. संध्याकाळपर्यंत प्रसंग आला नाही तर दुसऱ्याकडून लिहून घेऊ, असे निर्मात्याने गोड आवाजात कळवले होते. कादंबरीतले एवढेच एक पान आता वाचवण्याजोगे उरले होते. बाकीची पाने मालिकेतल्या सासूच्या कारस्थानांनी केव्हाच गिळली होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा दुरुस्तीसाठी पंखा उघडून बसला होता. जन्मभर त्याने भौतिकशास्त्र शिकवले. मालिकांमध्ये मेलेले इतक्या वेळा परततात की मृत्यूची व्याख्याच तपासायला हवी, असे तो म्हणे. एकही भाग मात्र चुकवत नसे. निरीक्षण हवे, म्हणून.

तिने अडचण सांगितली. त्याने ती गणितासारखी ऐकून घेतली.

“येते म्हणणारी सगळी येतातच, याला काही पुरावा?”

“नाही.”

“मग लिही की. बिघडलं कुठं?”

बिघडत होते ते पुढे. ‘जाते’ ऐकून माणूस गप्प होतो, ते पटते. ‘येते’ ऐकूनही गप्प राहिला, तर तो नुसता घुम्या ठरतो.

“अहो, मग त्याने म्हणायचं काय?”

“मला काय ठाऊक त्याचं? मी असतो तर विचारलं असतं, कधी?”

तिचा हात थांबला. ती चित्रीकरणाला निघाली की रोज हाच प्रश्न पाठीमागून येई, आणि या माणसाला घड्याळापलीकडे काही सुचत नाही म्हणून ती रोज चिडे.

तिने लिहिले: ‘ती: येते. तो: कधी?’ त्याखाली कंसात: ‘ती उत्तर देत नाही. दार लागते.’ मग पान त्याच्याकडे सरकवले.

त्याने ते दोनदा वाचले. पान्हा हातातच राहिला.

“मग येते का गं ती?”

त्याचा एक स्क्रू टेबलाखाली घरंगळला होता. तो शोधायला लेखिका खाली वाकली.