पाण्याखालची लेक

साहेब देश सोडून गेल्याला दहा वर्षं झाली, तरी पुण्याच्या लष्करातलं गोऱ्यांचं जुनं कबरस्तान अजून झाडून लख्ख होतं. तिथे माळीकाम करणाऱ्या पुतण्याला, जयसिंगला, घरचे तांदूळ द्यायला सगुणाबाई आणि गेणबा उरवड्याहून आले होते. जयसिंग चहा आणायला गेला आणि सगुणाबाई कबरी बघत हिंडू लागली.

एका एवढ्याशा कबरीपाशी ती थबकली. वर संगमरवराचं बाळ झोपलेलं. मडमेचं लेकरू मेलं, तर त्याला दगडाची उशी आणि भोवती गुलाब. आणि तिची आठ महिन्यांची हौसा? मुळशीचं धरण बांधत होते तेव्हा तापानं गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि मसणात बायांनी जायचं नाही. गेणबाच तिला ओढ्याकाठी पुरून आला. जागा तरी दाखवा म्हणून सगुणाबाई मागे लागली, तोवर गाव उठलं, पाणी चढलं. पुढे कधी विचारलं की गेणबा म्हणायचा, तिथे आता नुसता गाळ आहे.

"मेली नशिबाची," ती त्या मडमेला म्हणाली. "हात ठेवाया जागा तरी हाय हिला." न पाहिलेल्या बाईवर ती जळत होती आणि त्याची तिला लाजबीज काही वाटत नव्हती.

गेणबा मागे येऊन उभा राहिला होता. धोतराच्या सोग्यानं दगडावरचा पाला झाडता झाडता तो बोलून गेला, "हौसावरचं धोंडं बी अजून जाग्यावर हायेत."

"तुमाला काय ठावं?"

मग त्याला सांगावंच लागलं. वैशाखात धरणाचं पाणी खाली जातं, ओढ्याचा काठ उघडा पडतो. बैल बघायला जातो म्हणून तो दरसाल निघायचा, तो तिथेच जाऊन बसायचा. सरकलेले धोंडे नीट लावायचा. तिला नेलं असतं तर ती रडली असती, मग त्यालाही आवरलं नसतं. म्हणून ते गाळाचं सांगितलं.

सगुणाबाईचा मडमेवरचा राग कुठच्या कुठे गेला. तीस वर्षं हा माणूस लेकीला एकटाच भेटत होता, आणि त्याला वाटेच्या भाकरी तीच बांधून देत होती.

जयसिंगनं चहा आणला. तिनं कपाला हात लावला नाही.

"औंदा दावतो की तुला," गेणबा हळूच म्हणाला.

"न्हाई. तुमी निस्ती खूण सांगायची आन् घरी बसायचं. मी एकटी जानार."