दिव्याची राखण

आमच्या वरच्या खोलीत समुद्र आहे. खाली स्वयंपाकघर, धुण्याची बालदी, दारामागे टांगलेल्या छत्र्या. आणि जिना चढून गेलं की चारी भिंतींवर पाणी. कुठे पहाटेचं, कुठे वादळातलं, कुठे नुसतं राखाडी, आकाशाला चिकटून गेलेलं. प्रत्येक पाण्याच्या काठी एक दीपस्तंभ. दुपारी तिथे जरा आडवं झालं की जमीन हलल्यासारखी वाटते. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे डोळा लागला, तेव्हा उठल्यावर मी आधी पावलं कोरडी आहेत ना ते चाचपलं होतं.

ती खोली मावशींची. माझ्या नवऱ्याच्या या थोरल्या मावशी. लग्न केलं नाही, बहिणीच्या घरी राहिल्या, आणि बहीण गेल्यावर सगळं घर आमच्यासकट त्यांच्याच गळ्यात पडलं. दीपस्तंभ रंगवणं हा त्यांचा धंदा. खरा दीपस्तंभ त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही धावत्या बसमधून, आणि नेमका मध्ये एक ट्रक आडवा आला.

"अर्धाच दिसला," त्या सांगतात. "उरलेला अर्धा अजून शोधतेय."

चित्रं जातात ती प्रार्थनेच्या खोल्यांत, इस्पितळांत आणि ज्यांच्या घरचं कुणी गेलंय अशांच्या बैठकीत. येणारा प्रत्येक जण अर्थ घरूनच घेऊन येतो. कुणाला तो आत्मा वाटतो, कुणाला गुरू. एका आजोबांना तो त्यांची गेलेली बायको वाटला. "जागची हलायची नाही, पण मी कुठे भटकतोय ते तिला बरोबर कळायचं," म्हणाले. मावशी सगळ्यांना मान डोलावतात. गिऱ्हाईक जिना उतरलं की म्हणतात, "मला तर बाई खडू उभा करून ठेवल्यासारखा दिसतो."

दिव्याची थट्टा मात्र चालत नाही. दिवा त्या कधीच रंगवत नाहीत, तिथे कागद कोरा सोडतात. सगळ्यात आधी एका जुन्या कुंचल्याने त्या जागेवर रबरी डिंकाचा थेंब लावायचा. तो वाळून पापुद्रा झाला की मग हवं ते वादळ त्याच्यावरून जाऊ दे. शेवटी, सगळं कोरडं झाल्यावर, बोटाने हलकेच चोळायचं. पापुद्रा गुंडाळत निघतो आणि त्या काळ्यानिळ्यातून एकदम पांढरं उघडतं. कितीदा पाहिलं तरी मी तेवढा वेळ श्वास धरून ठेवते.

"उजेड कुणाला करता येत नाही गं," मावशी म्हणतात. "राखता तेवढा येतो. म्हणून आधी झाकायचा."

कॉलेजात प्रतीकांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्यातलं काही या दोन वाक्यांइतकं आत उतरलं नव्हतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग नक्की कुणावर काढावा, ते मला बराच वेळ कळेना.

आमच्या मुलीचं, मुंगीचं, चौथं वर्ष सरत आलं होतं. तिचा डावा डोळा आळशी आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. डोळ्यात खोट नाही, पण उजवा सगळं काम करून टाकतो म्हणून डावा शिकतच नाही. उपाय म्हणजे चष्मा, आणि रोज काही तास पट्टीने चांगला डोळा झाकायचा. "आळस आत्ताच मोडायचा," त्या म्हणाल्या. "मूल मोठं झालं की मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो."

ते वाक्य माझ्या मागेच लागलं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मेंदू ऐकणं सोडून देतो. मुंगीने समोरचा पेला उचलताना हात जरा बाजूला नेला की मी झटकन पेला तिच्या हाताशी सरकवायचे. नवरा म्हणायचा, "तू तिच्याकडे इतकी बघतेस, की तिला स्वतःला बघायला काही शिल्लकच राहत नाही." मी हसायचे नाही.

सकाळी मी ग्रंथालयात कामाला जाते, तेव्हा मुंगी मावशींजवळ असते. पट्टीची वेळ तीच ठरली. चिकटपट्टीने गालावर पुरळ उठलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चष्म्याची काच झाकली तरी चालेल. मावशींनी लगेच तोड काढली: काचेवर रबरी डिंक, त्यावर कागदाची चकती. वेळ संपली की सोलून काढायची, काच स्वच्छ.

आणि मुंगी शांत झाली. आधी पट्टी ओरबाडायची, भिंतीवर आपटायची, ती आता म्हणे मणी ओवत बसायची. मी घरी येईपर्यंत चकती निघालेली असे आणि टेबलावर माळा असत, बारीक मण्यांच्या, एकही चुकलेली नाही. मी त्या माळा पर्समध्ये घालून ग्रंथालयात नेल्या, सोबतच्या बायकांना दाखवल्या. कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली. स्वप्नात एक लांबच लांब किनारा होता आणि मुंगी माझ्या पुष्कळ पुढे, मागे न पाहता चालली होती, आणि मला तिची काळजी वाटत नव्हती.

तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं.

"पट्टी लावता ना?"

"रोज," मी म्हटलं.

"फरक नाही. उलट किंचित मागेच गेलाय."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून मी लवकर निघाले. चपला खाली काढून जिना चढले. मावशी खिडकीशी रंगवत होत्या, मुंगी चटईवर मणी ओवत होती. तिने मान वर केली. चकती डाव्या काचेवर होती.

"मावशी, डावा झाकलाय तुम्ही!"

"हो," त्या सहज म्हणाल्या. "डावाच अधू ना?"

"अहो, उजवा झाकायचा! किती वेळा सांगितलं मी!"

"सांगितलंस. पहिले काही दिवस झाकलाही." त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला, तसाच धरून ठेवला. "लेकरू दाराला धडकलं. ‘आजी, सगळं पुसलं गेलं,’ म्हणत मला बिलगून रडलं. मला बघवेना. जे नाजूक आहे ते उघड्यावर टाकायचं आणि धडधाकटाला झाकून बसवायचं, ही कुठली रीत? मी जन्मभर अधू तेच झाकत आले गं. म्हटलं, राहू दे विश्रांतीत. वाचेल."

"तो कागद नाहीये, मावशी! झाकला की मरतो तो!"

मी मुंगीला उचललं आणि खाली आणलं. जिन्यावर तिच्या हातातली माळ सुटली, मणी पायरी पायरी उड्या मारत गेले.

आठवडाभर मी रजा घेतली. उजवी काच झाकली, मुंगीने चष्मा फेकला. चिकटपट्टी लावली, तिने ती पुरळासकट ओढून काढली. गोष्टी सांगितल्या, धाक घातला, पाया पडले. "नको, धुकं येतं," एवढंच ती म्हणायची आणि माझ्या कुशीत तोंड खुपसायची. नवऱ्याने मध्यस्थी करून पाहिली. "मावशीने मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं."

मग एका दुपारी मावशी खाली आल्या. हातात कोरा कागद ताणलेली फळी, खांद्यावरच्या पिशवीत रंग-कुंचले. गुडघ्यांमुळे एकेक पायरी सावकाश उतरल्या. माझ्याकडे न पाहता मुंगीसमोर बसल्या.

"मुंग्ये, इस्पितळाच्या शांत खोलीसाठी मोठं चित्र हवंय. माझा डिंक संपला."

डिंकाची भरलेली बाटली मी सकाळीच वर पाहिली होती.

"मग दिवा कसा झाकणार?" मुंगीने विचारलं.

"झाकायचाच नाही. उघडाच ठेवायचा आणि बाजूने रंगवायचं. पण माझा हात आता कापतो. कुणीतरी दिव्याची राखण करायला हवी. कुंचला जवळ आला की थांब म्हणायचं. अट एकच, राखणदाराचा हा डोळा बंद." त्यांनी तिच्या उजव्या गालाला बोट लावलं.

"का?"

"त्याला सगळं येतं. तो त्या दुसऱ्याला बोलूच देणार नाही."

मुंगीने विचार केला. मग स्वतःच चष्मा माझ्यापुढे धरला. मी चकती चिकटवली, उजवीकडे.

मावशींनी तिला मांडीवर घेतलं. आकाश सुरू झालं. ओला निळा रंग कागदावरून ओघळत आला आणि खोलीत एक थंडावा पसरल्यासारखा झाला. मध्यावर उघडा पडलेला तो पांढरा ठिपका, नखाएवढा. त्याला काहीच आडोसा नव्हता. मुंगी कागदाच्या इतकी जवळ गेली होती की तिचा श्वास रंगावर पडत असेल.

"थांब!" ती ओरडली. कुंचला अजून वीतभर लांब होता. मावशी थांबल्या, माघारी गेल्या. पुन्हा "थांब!" पुन्हा माघार. धुक्याचं नावही तिने काढलं नाही.

मग मावशींचा हात दिव्याच्या बाजूने खाली येऊ लागला. मला दिसत होतं. टोक पांढऱ्याकडे सरकत होतं आणि मुंगी गप्प होती. माझ्या जिभेवर शब्द आला. मावशींनी मान न वळवता डोळ्यांनी मला दटावलं. मी पदराचं टोक दातांत धरलं. कुंचला गेला, पुढे गेला, आणि निळ्याची एक बारीक जीभ दिव्यात शिरली.

मुंगी काहीच बोलली नाही. मावशींनी कुंचला उचलला. मला वाटलं, संपलं.

"आजी," मुंगी सावकाश म्हणाली, "लागलं."

"कुठे? मला तर काही दिसत नाही."

मुंगी पुढे वाकली. तिचं बोट कागदावर हवेत फिरलं, जरा चुकलं, परत आलं, आणि त्या केसाएवढ्या निळ्यावर टेकलं.

"इथे."

मावशींनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला. मुंगीने निळं झालेलं बोट फ्रॉकला पुसलं आणि आजीला दरडावलं, "आता नीट रंगव. मी बघतेय."