एका बेलची दोन बटणं

श्यामसुंदर वीज मंडळातून निवृत्त झाले ते हिशेब खात्यातून. पण वायर म्हटलं की शेवटचा शब्द आपला, असं ते धरून चालत. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या इमारतीत इंटरकॉम बदलला तेव्हा जुनी जाडजूड केबल जिन्याखाली भंगारात पडली. श्यामसुंदरनी ती घरी आणली, भाजीच्या सुरीनं वरचं काळं आवरण उभं चिरलं आणि आतल्या रंगीत तारा एकेक सोडवून त्यांची भेंडोळी केली. त्यानंतर घरात सुतळी आली नाही. कारल्याचा वेल निळ्या तारेवर चढला, मोरीचा पडदा पिवळ्या तारेवर आला, बायकोच्या, कुसुमताईंच्या, चष्म्याची दांडी लाल तारेनं जागेवर बसली.

"अहो, आता मलाच बांधायचं राहिलंय."

"त्याला जाड तार लागेल," श्यामसुंदर म्हणाले.

तरी हिरवी आणि पांढरी अशा दोन लांब तारा उरल्याच. वरच्या मजल्यावर मंदाकिनीताई एकट्या राहत. निवृत्त शिक्षिका, गुडघे अधू. त्यांची भाची पूर्णिमा पलंगाशी ठेवायची बिनतारी बेल आणणार होती, म्हणजे अडीअडचणीला खाली कळेल. श्यामसुंदरनी तिला थांबवलं. "असल्या खेळण्यांवर माणसाचा जीव टाकू नये." मग खिडकीबाहेरून तारा खेचून त्यांनी वर पलंगाशी बटण बसवलं. खाली मात्र वेगळी बेल घेतली नाही. आपल्याच दारावरच्या, सेलवर चालणाऱ्या बेलला त्या तारा जोडल्या. एक बेल धडधाकट असताना दुसरी कशाला?

"दारात कोण आणि वरून कोण, कळायचं कसं?" कुसुमताईंनी विचारलं.

"दारात कोणी नसलं की समजायचं, वरून आहे. इतकं सोपं आहे."

इतकं सोपं असल्यामुळे त्यांनी ते इमारतभर सांगितलं. मंदाकिनीताईंनी भिडेपोटी बटणाला कधी हात लावला नाही, आणि काही महिन्यांत सांगणाराच ते विसरून गेला.

मे महिन्यात इमारतीतल्या पोरांना सुट्टी लागली. बेल वाजवून पळायचं, हा त्यांचा उद्योग. एका दुपारी कुसुमताई बहिणीकडे गेल्या असताना बेल वाजली. श्यामसुंदर उठले. दारात कोणी नाही. आडवे झाले, तर पुन्हा वाजली. पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा ते जिन्यात आले आणि वर तोंड करून, हिशेब खात्यात कधी चढवला नव्हता असा आवाज चढवून ओरडले, "लाज वाटत नाही? दुसऱ्याला दुपारचं पडू देत नाही! पुन्हा वाजवली तर बघतो!"

बेल पुन्हा वाजली नाही. श्यामसुंदरना छान झोप लागली.

संध्याकाळी मंदाकिनीताईंचा शेजारी धम्मदीप खराडीच्या ऑफिसातून आला, तेव्हा त्याला त्यांच्या दारामागून क्षीण हाक ऐकू आली. त्याच्याकडे त्यांची किल्ली असे. ताई पलंगाशी पडलेल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचर दारावरून खाली गेलं, तेव्हा श्यामसुंदरनी आधी बेलकडे पाहिलं, मग हिरव्या तारेकडे, आणि मग कुठंच नाही.

"बेल नाही वाजली?" कुसुमताईंनी घरी येताच विचारलं.

"झोपलो होतो," ते म्हणाले.

ऑपरेशन झाल्यावर ते मोसंबी घेऊन दवाखान्यात गेले. पूर्णिमा मावशीला विचारतच होती, "एवढं बटण हाताशी होतं, दाबलं का नाहीस?"

मंदाकिनीताईंनी एकदा श्यामसुंदरांकडे पाहिलं. "राहिलं गं. सुचलं नाही."

"सुचलं नाही? काकांनी एवढ्या मायेनं करून दिलं आणि तुला सुचत नाही? कमाल आहे तुझी!"

मावशी निमूट ऐकून घेत होत्या. आणखी थोडा वेळ गप्प बसलं असतं, तर प्रकरण मिटलं असतं. श्यामसुंदर तेवढा वेळ बसलेही. मोसंब्यांच्या पिशवीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"वाजली होती," ते अखेर म्हणाले. "मला वाटलं, पोरं."



"पोरं होय!" मंदाकिनीताई म्हणाल्या. "मला वाटलं, मलाच ओरडलात. म्हटलं, आता पुरे."

"नवी बेल लावतो. वेगळी. विकतची," श्यामसुंदर घाईघाईनं म्हणाले.

"लावा की. पण धम्मदीपकडे लावा."

"त्याला विचारावं लागेल," पूर्णिमा कोरडेपणानं म्हणाली.

"मी विचारतो."

"आणि तुमच्याकडची का काढली म्हणून सांगाल?" तिनं विचारलं.

संध्याकाळी श्यामसुंदर धम्मदीपच्या दारात उभे राहिले आणि बेल दाबली. पहिल्याच वेळी दार उघडलं.

"बोला काका. आत या ना."

"नको, इथंच बरं आहे," श्यामसुंदर म्हणाले, आणि जिन्यात उभ्या उभ्याच, त्या दुपारी ते काय ओरडले होते इथपासून त्यांनी सांगायला सुरुवात केली.