दिव्याची पेटी

मित्रांनो, मामलेदार कचेरीच्या माळ्यावर, फडक्यात बांधलेल्या दप्तरांच्या मागे एक गंजकी लोखंडी पेटी पडलेली आहे. ती मी. मी एक जुनी मतपेटी आहे, आणि खरं सांगायचं तर आता फार थकले आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पोलादी पत्रा दाबून मला घडवलं, वर एक अरुंद फट ठेवली, हिरवट रंग दिला. बावन्न सालच्या पहिल्या मोठ्या निवडणुकीत माझं केवढं कौतुक झालं! बैलगाडीतून गेले, मचव्यात बसून खाडी ओलांडून गेले. पोलीस रात्रभर उशाशी बसले. निवडणूक संपली आणि लोक मला विसरले. पण एखादा आमदार मधेच वारतो, एखादा राजीनामा देतो, आणि त्या एका जागेसाठी पुन्हा मतं घ्यावी लागतात. त्याला पोटनिवडणूक म्हणतात. तेव्हा ना कौतुक, ना गर्दी. धूळ झटकायची आणि मला खाली काढायचं.

त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदाराने पडद्याआड एकट्याने जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा.

चोपन्न साली आमच्या भागातले आमदार वारले. रेवदंड्याच्या खाडीकाठी एका गावातल्या शाळेत मला नेऊन ठेवलं. माझ्यावर दिव्याचं चित्र होतं, शेजारणीवर सायकलचं. दिवा म्हणजे येसाजी, गावचाच शेतकरी. सायकल म्हणजे एक मिठागरवाले शेठ. खाडीच्या बांधाला भगदाड पडलं होतं आणि उधाणाचं खारं पाणी भातशेतीत शिरत होतं. वारलेल्या आमदारांनी बांधाचं काम मंजूर करून घेतलं होतं, ते त्यांच्या मागे अडकलं. येसाजी म्हणे, ते मी पुरं करून घेईन. शेठ म्हणत, जमीन खारावलीच आहे, तर तिथे मिठागरं करू.

भगदाडाला लागून पहिलं शेत बायजाचं. विधवा बाई, तिला तेवढं एकच शेत.

ती पडद्याआड आली. माझ्यावरचा दिवा पाहून तिचे हात आपोआप जुळले. तिने कागद माझ्या डोक्यावर ठेवला, त्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि पुटपुटली, "माजा शेत तेवढा राख रं बाबा." आणि गेली. फटीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मला तोंड असून बोलता येत नाही.

बाहेर तिच्या जावेने, काशीने विचारलं, "कुटं ठेवलास गं कागद?"

"दिव्याच्या माथ्यावर. आत कसा कोंबायचा? द्याव हाय का डबा हाय?"

"अगो बाय! नवरा जिता होता, त्याला तरी अशी पुजलीस का?"

"त्यानं कंदी उजेड पाडला?"

रांगेतल्या बायका खळखळून हसल्या आणि एकामागून एक आत येऊन तसंच करून गेल्या. खिडकीतून खाडीवरचा वारा येत होता. दुपारपर्यंत कागद आणि फुलं माझ्याभोवती जमिनीवर पसरली.

संध्याकाळी मतदान संपलं. केंद्रावरचे अधिकारी मार्तंड मास्तर पडद्याआड आले आणि जमिनीवरचे कागद गोळा करू लागले. येसाजीचा माणूस अनंता दाराशी उभा होता.

"मास्तर, फुलं दिव्याची, कागद पन दिव्याचंच. आत सारा की!"

"कुठला कागद कुठून उडाला, मी पाहिलंय का अनंता? आणि पाहिलं असतं तरी बाहेरचं मत मोजता येत नाही."

"गरिबाच्या बायका हायेत वो त्या."

"म्हणून तर जीव तुटतो रे. पण उद्या दुसरा कोणी असेच कागद उचलून सायकलच्या पेटीत सारेल. तेव्हा काय म्हणशील?"

मास्तरांनी सगळे कागद पाकिटात घालून लाख लावली. येसाजी थोडक्यात पडला. त्याला जितकी मतं कमी पडली, त्याहून जास्त कागद त्या पाकिटात होते.

त्या पावसाळ्यात भगदाड रुंदावलं. मित्रांनो, जमिनीत मीठ मुरलं की भाताच्या मुळांना पाणी ओढता येत नाही. रोप पाण्यात उभं असतं आणि तहानेने वाळतं. बायजाची सगळी लावणी अशी वाळली.

पुढे शेठना दुसरं मोठं पद मिळालं आणि त्यांनी आमदारकी सोडली. पुन्हा पोटनिवडणूक आली. पुन्हा तीच शाळा, तोच दिवा, तोच येसाजी. लोक कंटाळले होते. मीही कंटाळले होते. बायजाला मात्र मागच्या वेळचा आपला कागद वाया गेल्याचं कळलं होतं; ती उजाडताच आली आणि रांगेतल्या प्रत्येकीला बजावत सुटली, "पाया पडू नको गं. फट हाय, तिच्यात सार."

"आज फूल इसरलीस वाटतं?" काशीने डिवचलं.

"इसरले न्हाय. झाडावर ऱ्हाऊ दिला."

आत येऊन तिने कागद फटीत धरला, अंगठ्याने रेटला आणि माझ्या पत्र्याला कान लावला. कागद तळाशी पडला. "पडला," ती म्हणाली आणि गेली.

येसाजी निवडून आला. बांधही झाला. पण मुरलेलं मीठ बांध घातल्याने निघत नाही. पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडायचं, सोडायचं, पुन्हा कोंडायचं. त्यात वर्षं जातात. बायजा ते करत राहिली. तिच्या शेतात पुन्हा लोंब्या धरल्या त्या वर्षी ती नव्हती. अनंता कचेरीत आला होता, तेव्हा हे त्याच्या तोंडून ऐकलं.

पुढे शिक्का मारण्याची पद्धत आली, सगळ्यांना मिळून एकच पेटी झाली आणि माझं काम संपलं. मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल, मत द्यायला जाल. समोर जी पेटी असेल तिला हात जोडू नका, फूल वाहू नका. आपला कागद आत पडला का, एवढं बघा. बायजाला ते कळलं तेव्हा तिचं शेत गेलेलं होतं.