जागेवरचा गंधार

फ्रीजमध्ये, दह्याच्या डब्याशेजारी, गाडीची किल्ली.

टेक्ससचा जून आणि बंद केलेला एसी.

कपड्यांच्या कपाटात टांगलेल्या गोधड्या.

डॉक्टरने गळ्यावर पेनने काढलेली रेघ.

दरबारीतला गंधार.

हे सगळं उल्काच्या घरचं. अर्विंगमध्ये दर शनिवारी ती तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मुलांना रेकॉर्डिंग शिकवायची. एसी बंद, कारण माइकला आधी तो ऐकू येतो आणि मग माणूस. गाणाऱ्याने कपाटात शिरून गायचं. गोधड्या खोलीचा आवाज पिऊन टाकतात. फ्रीजचाही प्लग काढायचा, आणि रेकॉर्डिंगला बसणाऱ्याने आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची. म्हणजे घरी निघताना फ्रीज उघडावाच लागतो आणि तो परत चालू करायची आठवण होते.

रेघ थायरॉइडच्या ऑपरेशनची. आवाज परत येईलच असं नाही, हे डॉक्टर आधीच बोलले होते. म्हणून त्याआधी ती कपाटात उभी राहून राग दरबारी गायली, आणि रेकॉर्डिंगला बसवलं निमिषला. नागपूरचा मुलगा, इथे एमएस करायला आलेला, तिच्या शिष्यांत सगळ्यात तयार कानाचा. "माझा आवाज तुझ्या हातात देतेय रे," ती म्हणाली. निमिषने वाकून नमस्कार केला आणि हेडफोन चढवले.

आवाज गेला. उरली घोगरी कुजबुज. शनिवारचा वर्ग निमिष घेऊ लागला. दिवाळी २००६ला मंडळाने सीडी काढली, पण उल्काला ती लावायचा धीर होईना.

एका शनिवारी ती मुलांसाठी चिवड्याच्या वाट्या घेऊन दाराशी आली. आत स्पीकरवर तिचाच आवाज होता.

"ऐकलंत? कुठे जोड कळतो? नाही ना!" निमिष रंगात आला होता. "यातले सगळे गंधार मी वर ओढलेत."

"वेट, वॉज शी ऑफ-की?" वर्गातल्या रुचाने विचारलं.

"थोडी. वयानुसार होतं यार. सॉफ्टवेअरला सांगितलं, पेटीच्या पट्टीवर नेऊन बसव. झालं."

पोरं हसली.

दरबारीचा गंधार पेटीत नसतोच. तो पट्टीच्या खाली राहतो, झुलत. एवढं एक निमिषच्या कानात उतरवायला उल्काने अख्खा हिवाळा घातला होता. आता तो गंधार खुंटीवरच्या शर्टासारखा लटकत होता.

तिने हाक मारली. कुणाला ऐकू गेली नाही. मग तिने स्पीकरचा प्लगच ओढला.

"मावशी! तुम्ही?"

"तो खालीच असतो. तुला माहीत होतं."

"माहीत होतं. पण चारुदत्तकाका म्हणाले, उल्का बेसूर वाटते, मंडळाची सीडी आहे, लोक हसतील. ते अध्यक्ष! मला तुमची लाज राखायची होती, मावशी."

"माझी? कव्हरवर रेकॉर्डिस्ट म्हणून नाव कुणाचं छापलंय?"

निमिष माइकची वायर गुंडाळू लागला.

"बरं. मूळ टेक दे मला."

"डिस्क भरली होती. मूळ टेकवरच काम करून सेव्ह केलं."

"बट निमिषदादा," रुचा म्हणाली, "मावशी ऑलवेज सेज, मेक अ कॉपी फर्स्ट."

या वेळी कुणी हसलं नाही. उल्काने वाट्या जमिनीवर ठेवल्या.

निमिष उठला, स्वयंपाकघरात गेला. फ्रीज उघडल्याचा आवाज झाला, मग बाहेर गाडी सुरू झाल्याचा. उल्का आत गेली तेव्हा फ्रीजचा प्लग तसाच लोंबत होता. तिने तो लावला. घरघर सुरू झाली.

जूनमध्ये पहिला टेक संपल्यावर उल्काने कपाटाचं दार किलकिलं करून विचारलं होतं, "गंधार?" आणि निमिष म्हणाला होता, "अगदी जागेवर, मावशी."