कोऱ्या फॉर्मवरची सही

सरांच्या उजव्या हाताची तीन बोटं त्यांच्याच खोलीच्या दारात चिरडली गेली, त्याला कारण सर स्वतः. मारणारा मारून मोकळा झाला हे खरं, पण सुरुवात त्यानं केली नव्हती. सुरुवात झाली होती एका निळ्या ट्रेपासून, आणि तो ट्रे सरांनीच आपल्या दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवलेला होता.

त्या कॉलेजात प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला चाळीस विद्यार्थी यायचे. शिकवायला नव्हे, सल्ल्याला. सत्र सुरू व्हायच्या आधी एकेकाला समोर बसवायचं, पंधरा मिनिटं बोलायचं, कुठले विषय झाले, कुठले राहिले, पुढे काय करायचा विचार आहे, घरी सगळं ठीक ना, एवढं विचारायचं आणि मग त्याच्या फॉर्मवर सही करायची. सहीच्या वर छापलेलंच असायचं, 'मी विद्यार्थ्याला भेटून सल्ला दिला आहे.' शेजारच्या खोलीतल्या मॅडम हे इमानेइतबारे करायच्या. त्यांच्या दारात रांग लागायची आणि रांगेतली पोरं वैतागून जायची.

सरांकडे रांगेची कटकटच नव्हती. पहिल्याच दिवशी चाळीस कोऱ्या फॉर्मांवर ते अकरा मिनिटांत सह्या ठोकायचे आणि गठ्ठा ट्रेमध्ये टाकायचे. ज्यानं त्यानं यावं, एक उचलावा, हवे ते विषय भरून ऑफिसात द्यावा. "एवढी मोठी घोडी झालीयेत, त्यांना काय बोट धरून चालवायचं?" असं चहा पिताना म्हणायचे. पोरं खूश. लाडानं त्यांना 'कोरे सर' म्हणायची, आणि या गृहस्थाला त्याचंही कौतुक वाटायचं. काय म्हणावं आता.

त्या चाळिसांत एक मुंगी होती. अंगानं एवढीशी आणि पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग, म्हणून वर्गानं पाडलेलं नाव. बाप वेल्डर, बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात. दिवसभर लोखंडाशी झोंबणारे हात घरी आले की बायकोवर आणि पोरीवर पडायचे. मुंगीचं डावं मनगट पूर्ण वळत नसे. ती नऊ वर्षांची असताना बापानं ते पिरगाळलं होतं. आई एका कानानं बहिरी, आणि तीही काही जन्मापासून नव्हे. मायलेकींनी तीन वर्षं मार खाता खाता एकच गोष्ट ठरवली होती, पदवी हातात पडली की दोघींनी निघायचं. दूरच्या शहरात, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मुंगीला नोकरी मिळाली होती, वर राहायला खोली. अट एकच, एक तारखेला पदवीचा दाखला घेऊन हजर व्हायचं. बापाला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. सरांनाही नव्हतं. मॅडमच्या वाट्याला आली असती तर पहिल्या भेटीतच त्यांना ते मनगट दिसलं असतं.

शेवटची परीक्षा झाली आणि ऑफिसातल्या कारकुनानं मुंगीचे विषय मोजले. एक कमी. प्रयोगशाळेतल्या सुरक्षिततेचा, आठवड्याला एक तासाचा, एवढासा विषय. पण सक्तीचा. तो फॉर्मवर छापलेला नसे. सल्लागारानं आठवणीनं हातानं लिहून द्यायचा, अशी तिथली जुनी पद्धत. सरांच्या बाकीच्या पोरांना तो मित्रांकडून कळायचा. मुंगी कॉलेज सुटलं की धावत घर गाठायची, बाप यायच्या आत. तिला कोण सांगणार?

नियमात एक वाट होती. चूक सल्लागाराची असेल आणि त्यानं ती कबूल केली, तर समितीला त्या विषयातून सूट देता येई. मुंगीनं अर्ज केला, नोकरीचं, आईचं, एक तारखेचं सगळं त्यात खरं खरं लिहिलं. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. महिन्याभरात सर विभागप्रमुख होणार होते. कोऱ्या सह्यांचं प्रकरण बाहेर आलं असतं तर ती खुर्ची गेलीच समजा. सरांनी फॉर्मवरच्या आपल्या सहीकडे पाहिलं आणि सरळ हात झटकले.

"मी तिला सांगितलं होतं," ते म्हणाले. "दोनदा सांगितलं. म्हणाली, नंतर घेते."

मुंगी समोरच उभी होती. "सर, तुम्ही मला आज पहिल्यांदा बघताय," ती म्हणाली.

पण सही खोटं बोलत नाही, असं समितीला वाटलं. अर्ज फेटाळला गेला. नियमाप्रमाणे पत्राची एक प्रत पालकांना गेली, आणि त्या प्रतीत अर्जातलं सगळं जसंच्या तसं उतरवलेलं होतं. नोकरी, गाव, तारीख, आई.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वेल्डर सरांच्या खोलीत आला. धुतलेला शर्ट, ओले केस नीट विंचरलेले. दोन्ही मुठींची सालटी निघालेली होती, त्यावर लाल औषध लावलेलं होतं. सरांची बोबडीच वळली. पण माणूस मारायला आला नव्हता. तो नम्रपणे खुर्चीच्या टोकावर बसला.

"आभार मानायला आलो, सर," तो म्हणाला. "तुमचं पत्र आलं म्हणून कळलं, नाहीतर दोघी पळाल्या होत्या बघा."

सरांनी खुर्ची जराशी मागे सरकवली.

"समजावलं मग. आधी बायकोला. पट्ट्यानं. पोरीला म्हटलं बघ, डोळे मिटायचे नाहीत. तर ती मध्ये पडली. मग तिचं डोकं धरून भिंतीवर आपटलं, दोनदा. दोन दात आले बाहेर. आता गप आहे." त्यानं हे सगळं कारखान्यातलं काम सांगावं तसं सांगितलं. "तुम्ही कागदावर अडवली, मी घरात. दोघांनी मिळून आवरली म्हणायची."

आणि त्यानं हात पुढे केला. सरांनी तो हातात घेतला. सवय हो, दुसरं काय. सालटी निघालेल्या कातडीचा ओलावा त्यांच्या तळव्याला लागला, आणि ही भिंतीवर आपटणारी मूठ आपल्या मुठीत आहे हे त्यांना कळलं. स्वतःची एवढी शिसारी त्यांना आयुष्यात कधी आली नव्हती.

"मी खोटं बोललो," सर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "मी तिला कधी भेटलोच नव्हतो. चूक माझी आहे. आत्ता जाऊन प्राचार्यांना लिहून देतो. दाखला मिळेल तिला."

"बसा," वेल्डर म्हणाला.

सर उठले. पहिला ठोसा कानावर बसला आणि ते टेबलाच्या कोपऱ्यावर कोसळले. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. वेल्डरनं बुटाची लाथ बरगड्यांत घातली, मग तिथेच पुन्हा. काहीतरी कडकन मोडलं. श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखं होत होतं. सर रांगत दाराकडे गेले, उजव्या हातानं चौकट धरली आणि उठू पाहिलं.

"कुठल्या हातानं लिहिणार?" वेल्डरनं विचारलं, आणि दार लोटलं.

पहिल्यांदा लोटलं तेव्हा सर किंचाळले. दुसऱ्यांदा बोटं फुटल्याचा आवाज त्यांनाच ऐकू आला. तिसऱ्यांदा दार नुसतं लोटलं नाही, त्यानं खांदा लावला.

शेजारच्या मॅडम धावत आल्या. दाराबाहेरचं स्टूल त्यांनी उचललं, वरचा ट्रे उडाला, पुढच्या सत्रासाठी सह्या केलेले कोरे फॉर्म व्हरांडाभर पसरले, आणि त्या साठीला टेकलेल्या बाईनं दार ढकलून ते स्टूल वेल्डरच्या डोक्यात घातलं. तो गुडघ्यावर आला. मग दोन शिपाई त्याच्या पाठीवर बसले. पोलीस दहा मिनिटांत हजर. मुंगीच्या घरी एवढ्या वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. प्राध्यापकाची बोटं मोडली म्हटल्यावर गाडी आली. त्याला आत टाकलं, पण चार-पाच दिवसांत सुटेल, असंही सांगून गेले.

म्हणजे वेळ होता तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगी हॉस्पिटलात आली. सोबत मॅडम. सरांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, छातीला पट्टा. मुंगीचा ओठ सुजून नाकाला टेकला होता, एक डोळा पार बंद. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग पुन्हा वर केली, कारण न बघणं तर आजवर केलंच होतं.

कबुलीजबाब मॅडमनी लिहून आणला होता. प्राचार्य समितीला घेऊन ऑफिसात वाट बघत बसले होते, पण डाव्या हाताची वेडीवाकडी सही त्यांना चालणार नव्हती. अंगठा हवा. मॅडमनी शाईचा पॅड पुढे केला. एवढे शिकलेले सर, झाले अंगठेबहाद्दर. त्यांनी घाईघाईनं डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदाकडे नेला.

मुंगीनं कागद मागे ओढला.

"आधी वाचा, सर," ती म्हणाली. दात गेल्यामुळे शब्द फुटून येत होते. "मोठ्यानं."

सरांनी वाचलं. दर ओळीला बरगड्या कळवळत होत्या, थांबावं लागत होतं. 'मी या विद्यार्थिनीला एकदाही भेटलो नाही' या ओळीशी त्यांना रडू आलं, आणि रडल्यानं तर आणखीच दुखलं. मुंगीनं त्यांना पाणी दिलं नाही की गप्प केलं नाही. ती कागद धरून उभी राहिली, शेवटची ओळ होईपर्यंत. मग तिनं तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सरांनी अंगठा उमटवला.

ती कागद घडी करून निघाली तसे सर म्हणाले, "घरी सगळं…" आणि अडखळले. तीन वर्षांपूर्वी विचारायचा प्रश्न होता तो.

मुंगी दारात थांबली. "घरी आता कुणी नाही, सर," ती म्हणाली. "आई खाली गाडीत बसलीय. बॅगा घेऊन."