ब्लूमाची शनिवारची सायकल

मित्रांनो, मी एक सायकल आहे, आणि आता फार म्हातारी झाले आहे. चाकांत हवा नाही, घंटीला आवाज नाही. पण वारा सुटला की मँचेस्टरबाहेरची ती जांभळी माळराने मला अजून दिसतात, आणि आपण चालतच आहोत असे वाटत राहते.

ब्लूमा गार्फिंकेलने मला जुन्या बाजारात निवडले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ती रेनकोटच्या कारखान्यात शिवणींना रबर लावी. त्या रबराचा वास तिच्या बोटांना असे, आणि मग माझ्या हँडललाही. मालक ज्यू असल्याने कारखाना शनिवारी बंद, रविवारी चालू. म्हणून गल्लीतल्या ज्यू मुलामुलींचा सायकल क्लब शनिवारीच निघे.

अडचण तिच्या वडिलांची होती. टोप्या शिवणारे शिमेन गार्फिंकेल शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस, काटेकोर पाळत. त्या दिवशी वाहनाला हात लावायचा नाही. म्हणून मी समोरच्या आयरिश डॉयलबाईंच्या कोळशाच्या खोलीत लपून राही.

"टाटेंना कळलं तर?" ब्लूमा वडिलांच्या धाकाने विचारी.

"सांगेन माझी आहे म्हणून," डॉयलबाई म्हणत. "या गुडघ्यांनी कशी चालवते, तेवढं विचारू नका म्हणावं!"

धुरांडी मागे पडली की आकाश मोठे होई. चढावर सगळे वाद घालत. एकाला पॅलेस्टाईनला जाऊन शेती करायची होती, दुसऱ्याला इथेच क्रांती हवी होती. वर पोचल्यावर मात्र सगळे गवतात आडवे होत, लोणच्याची काकडी खात, आणि कुणीतरी आजीचे यिडिश भाषेतले गाणे गुणगुणू लागे. ढगांच्या सावल्या माझ्यावरून जात. मला वाटे, मी तरंगते आहे.

एकदा एका मेंढपाळाने विचारले, "पोरी, तू मूळची कुठली?"

"इथल्याच, मँचेस्टरच्या चीटहॅम हिलची!"

"ते नाही. त्याच्या आधीची?"

"त्याच्या आधी मी नव्हतेच, काका," ब्लूमा म्हणाली. सगळे हसले.

एका शनिवारी ती मला कोळशाच्या खोलीतून बाहेर काढत होती, आणि समोरून शिमेन धावत आले. खांद्यावर प्रार्थनेची शाल तशीच होती. ब्लूमा थिजली.

"उभी काय राहिलीस? तुझ्या बहिणीला कळा सुरू झाल्यात, तीन आठवडे आधीच! सुईणबाई नदीपलीकडे सॅलफर्डला गेल्यात. जा, घेऊन ये!"

"पण टाटे, आज शब्बाथ..."

"जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा. कुणी शिकवलं हे तुला?"

"तुम्हीच."

"मग बस. आणि मागच्या चाकात हवा भर. गेल्या शनिवारी कमी होती."

ब्लूमा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने पंप घेतला.

तशी मी पुन्हा कधी धावले नाही. येताना सुईणबाई मागच्या कॅरिअरवर होत्या, त्यांची पिशवी माझ्या हँडलला, आणि माझ्या चाकांची एकेक तार करकरत होती. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. "दहा मिनिटं उशीर झाला असता तर..." सुईणबाई एवढेच म्हणाल्या. मुलगी जगली. खिडकीतून तिचे रडणे रस्त्यावर आले.

शब्बाथ संपल्यावर शिमेन म्हणाले, "आजचं आजपुरतं झालं. पुढच्या शनिवारी मला विचारू नकोस. विचारलंस तर नाही म्हणावं लागेल."

तिने विचारले नाही. पुढच्या शनिवारपासून गल्लीच्या वळणापर्यंत ती मला हाताने चालवत नेई आणि तिथे गेल्यावरच बसे. त्याच वेळी शिमेन आपली खुर्ची फिरवत आणि खिडकीकडे पाठ करून पुस्तक वाचत बसत.

मग ब्लूमाचे लग्न झाले, क्लबातली मुले पांगली, आणि मी गंजत गेले. मित्रांनो, तुमच्या घरी जुनी सायकल असेल तर तिला थोडे तेल द्या. आणि घरातले कुणी तुमच्याकडे पाठ करून बसले, तर लगेच रुसू नका. कदाचित ते तुम्हाला वाट मोकळी करून देत असतील.